अनावश्यक हस्तक्षेप

सोपानकाका गेल्याचं मला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका पोस्टरमधून कळलं. निळ्या-पांढऱ्या रंगाचं पोस्टर, कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, मधोमध गोल चौकटीत काकांचा फोटो आणि खाली ओळ, 'आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ हरपला'. मी पुनावळ्याहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. पोस्टरखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागत होती, बोट वर सरकवावं तितकी ती लांबत होती. ज्या ग्रुपवर हे चाललं होतं, त्याच ग्रुपमधून काकांना सात महिन्यांपूर्वी एका दुपारी काढून टाकलं होतं, आणि तेव्हा कुणी एक शब्द लिहिला नव्हता. मीसुद्धा नाही. फोटो मी लगेच ओळखला. कंपनीच्या डेमोच्या दिवशी चाचणीच्या गाडीसमोर उभं राहून काढलेला तो फोटो होता. मूळ फोटोत त्यांच्या शेजारी मी होते, इथे मला कापलं होतं... वाईट वाटायच्या आधी मला किळस आली. पाच आठवडे झाले, दुःख अजून धड वाट काढत नाही, कारण किळस दारातच बसून आहे.

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात. काकांबद्दल चार काय, चाळीस लिहिता येतील. ते मूळचे मोशीचे. इंद्रायणीच्या बाजूला त्यांची जमीन होती, ती इमारतींखाली गेली आणि त्यातल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते राहायला गेले. "ज्या वाफ्यात कांदा लावायचो, तिथं आता लिफ्ट हाय," असं ते सांगायचे, आणि त्यात रडगाणं नसायचं, फक्त नवल असायचं. जमीन होती तेव्हाही आणि गेल्यावरही त्यांनी तीस वर्षं कारखान्यांच्या शिफ्टच्या बस चालवल्या. भोसरी, मोशी, चाकण, परत. त्या तीस वर्षांत त्यांच्या बसला कुणाचा धक्का लागला नाही असं नाही, पण त्यांच्या बसचा कुणाला लागला नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एका ठेकेदारामार्फत ते आमच्या कंपनीत आले.

आमची कंपनी चाकणजवळच्या एका शेडमध्ये होती आणि स्वतः चालणाऱ्या गाडीचा मेंदू बनवत होती. अशा गाडीच्या चाचणीत स्टिअरिंगपाशी एक माणूस बसवावाच लागतो. त्याने गाडी चालवायची नसते. हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत राहायचं आणि यंत्र चुकतंय असं वाटलं तरच गाडी ताब्यात घ्यायची. मी नुकतीच अंबाजोगाईहून इकडे आले होते, थेरगावात डांगे चौकाजवळ तीन मुलींबरोबर भाड्याने राहत होते. माझं काम गाडीच्या डाव्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसायचं, यंत्राला काय दिसतंय याची नोंद ठेवायची. म्हणजे दोन वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, मी आणि काका शेजारीशेजारी बसलो. माझ्या वडिलांशेजारीही मी इतकी बसलेली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि टपावर गरगर फिरणाऱ्या डब्याकडे बोट करून विचारलं, "म्याडम, ह्ये काय हाय?" तोवर हे सगळं मी फक्त इंग्रजीतच बोललेली होते. मराठीत सांगताना माझी भंबेरी उडाली. म्हटलं, काका, समोर कॅमेरा आहे, तो आपल्या डोळ्यासारखा, रंग-आकार ओळखतो, पण अंतराचा त्याचा अंदाज कच्चा आणि समोरून ऊन आलं की तो आंधळा. बंपरमागे रडार आहे, त्याला धुळीत-पावसातही कळतं की पुढे काहीतरी आहे आणि किती लांब आहे, पण ते काय आहे हे त्याला कळत नाही. आणि टपावरचा हा लायडार. लेझरच्या किरणांनी हा सगळीकडे चाचपडतो आणि नुसत्या ठिपक्यांनी जगाचं चित्र काढतो. मग डिकीतला कॉम्प्युटर या तिघांचं ऐकून एकच चित्र बनवतो. त्याला आम्ही सेन्सर फ्यूजन म्हणतो, आणि गाडी त्या चित्रावर विश्वास ठेवून चालते. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तिघांचं पटलं न्हाई तर?" मी सांगितलं, कुणाचं किती ऐकायचं ते प्रोग्रॅम ठरवतो. "आन् एकट्यालाच दिसलं आसंल तर?" मी हसले. म्हटलं, एकट्याला दिसलेलं बहुतेक वेळा काही नसतं, काचेवरचा चिखल असतो, नाहीतर एखादा किडा. आम्ही ते टाकून देतो. काका हसले नाहीत.

पुढे मी 'म्याडम'ची 'ताई' झाले. ते त्यांच्या बायकोने, इंदूकाकूंनी, दिलेल्या दोन जादा भाकऱ्या आणायचे, कारण कॅन्टीनच्या जेवणाने माझं पोट बिघडतं हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, शेडमागच्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर टेकवलेल्या कोपरावरून ते सांगायचे की हा टेम्पो आता इंडिकेटर न देता वळणार... आणि तो वळायचा. सुरुवातीला मी ते गंमत म्हणून टिपायचे, नंतर कामाचं म्हणून टिपायला लागले. चालवण्यापेक्षा न चालवणं अवघड असतं, असं ते म्हणायचे. तासन्‌तास हात मांडीवर, आणि नजर तसूभरही हलायची नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला सळयांचं दाखवलं. या पट्ट्यात बांधकामं इतकी, की दर दहा मिनिटांनी लोखंडी सळया भरलेला टेम्पो समोर येतो. सळया टेम्पोपेक्षा लांब, मागून पाच-सहा फूट बाहेर आलेल्या, टोकाला कधी लाल फडकं बांधलेलं, कधी नसलेलं. आमची गाडी अशा टेम्पोमागे थांबताना टेम्पोच्या फाळक्यापासूनचं अंतर मोजायची. काका म्हणाले, ताई, हिला टेम्पो दिसतोय, सळई दिसत नाही. मी शेडमध्ये जाऊन त्या दिवसाची नोंद उघडली. ते शब्दशः खरं होतं. कॅमेरा टेम्पोच्या पाठीला चौकोन काढत होता, रडार त्या चौकोनाचं अंतर सांगत होतं, दोघांचं पटत होतं. सळया फक्त लायडारला दिसल्या होत्या. हवेत तरंगणारे पंधरा-वीस ठिपके, एका रेषेत. कॅमेरा आणि रडार दोघेही त्यांना दुजोरा देत नव्हते, म्हणून प्रोग्रॅमने ते कचरा समजून पुसले होते. मी आमचे टीम लीड अभिजित सर यांना दाखवलं, रीतसर तक्रार नोंदवली. दोन आठवड्यांनी ती बंद झाली. शेरा होता, 'क्वचित घडणारी परिस्थिती'. हे काकांना सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वेळी आमच्या शेजारून सळयांचाच एक टेम्पो चालला होता.

मग डेमो आला. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे लोक आमची गाडी बघायला येणार होते. ते मागच्या व्हॅनमध्ये बसून स्क्रीनवर सगळं पाहणार आणि पुढच्या गाडीत फक्त काका आणि मी, असं ठरलं. अभिजित सरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की आज काही झालं तरी हात लावायचा नाही. काका म्हणाले, गरज पडली तर लावावा लागेल. सर म्हणाले, गरज पडणार नाही.

कार्यक्रम लांबला आणि आम्ही निघालो तेव्हा सूर्य खाली आला होता, अगदी समोर. तळेगावच्या रस्त्यावर एका सिग्नलला पुढचा टेम्पो थांबला. आमची गाडी सुरेख वेग कमी करत होती. मी स्क्रीनवर बघितलं, चौकोन हिरवा, अंतर व्यवस्थित. मग मी मान वर केली. काचेच्या पलीकडे, उन्हात विरघळल्यासारख्या, सळया होत्या. टोकाचं फडकं माझ्या चेहऱ्याच्या रेषेत होतं आणि जवळ येत होतं. त्याच क्षणी काकांनी ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन थांबली. सळईचं टोक आणि काच यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. सिग्नल सुटला, टेम्पो निघून गेला.

मागच्या व्हॅनमध्ये पाहुण्यांना स्क्रीनवर वेगळंच दिसलं होतं. यंत्र सुरळीत थांबत होतं, पुढे पुरेशी जागा होती आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरने उगाच ब्रेक मारला होता. शेडमध्ये परतल्यावर सगळे गोल करून उभे राहिले. काकांनी सांगितलं, सळई होती. व्हिडिओ लावला गेला. मावळतीच्या उजेडाने चित्र पांढरं पडलेलं, टेम्पोची पाठ तेवढी काळी, सळयांचा मागमूस नाही. पाहुण्यांपैकी एकाने मला विचारलं, तुम्ही तर शेजारी होतात, तुम्हाला काय दिसलं? काका माझ्याकडे बघत होते. अभिजित सरही बघत होते. मी म्हणाले, "मी स्क्रीनकडे बघत होते."

या वाक्यात खोटं काही नाही. मी स्क्रीनकडे बघतच होते, त्याआधीच्या क्षणापर्यंत. त्यामुळेच ते वाक्य इतकं घाणेरडं आहे. सरळ खोटं बोलले असते तर निदान नंतर ते खोटं म्हणून ओळखता आलं असतं...

पाहुणे गेल्यावर मी मूळ नोंद उघडली. लायडारचे ठिपके होते, पुसण्याआधीचे, स्पष्ट, एका रेषेत. मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी ते बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण हलक्या हाताने लावलं. म्हणाले, पुढच्या आवृत्तीत घेऊ, आत्ता करार होऊ दे. अहवालात लिहायचं वाक्यही त्यांनीच सांगितलं, 'चालकाचा अनावश्यक हस्तक्षेप'. मी ते टाइप केलं आणि खाली सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं. सरांचा आवाजही चढला नव्हता. माझी नोकरी नवी नव्हती, जुनीही नव्हती, आणि मला ती हवी होती. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आठवलं की मला अजून शिसारी येते. काकांना डोळे तपासून घ्यायला पाठवलं. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला, ज्याला सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त दिसलं होतं, त्याला एका डॉक्टरांसमोर बसवून अक्षरं वाचायला लावली. काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी वाचली. दृष्टी उत्तम असल्याचा कागद घेऊन ते शेडमध्ये आले, तेव्हा गेटवर त्यांना सांगण्यात आलं की ठेकेदाराने त्यांच्या जागी दुसरा माणूस दिला आहे. तो कागद त्यांनी पहारेकऱ्याकडे माझ्यासाठी ठेवला. माझ्या टेबलावर तो दोन दिवस होता. मग मी तो ड्रॉवरमध्ये टाकला, कारण येणारे-जाणारे वाचत होते.

तीन आठवड्यांनी मी धीर करून मोशीला गेले. इंदूकाकूंनी चहा टाकला. काका टीव्हीकडे तोंड करून बसले होते, आवाज बंद होता. मी बरंच काही बोलले, नोकरीचं, घरच्यांचं, सरांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मशिनीला दिसलं न्हाई, त्ये मी समजू शकतो. तू मानूस हायस."

एवढंच. रागावले नाहीत, माफही केलं नाही. चहा निवला. मी उठले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या, काका आले नाहीत. तीच आमची शेवटची भेट. पुढे मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काकूंनी उचलला आणि ते झोपलेत असं सांगितलं. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. लोक म्हणतात, त्यांनी मनाला लावून घेतलं. मी तसं म्हणणार नाही. त्यांचं दुखणं काय होतं ते मला माहीत नाही, आणि ते माझ्या अपराधाच्या मापात बसवण्याचा मला हक्क नाही.

पोस्टरनंतर तिसऱ्या दिवशी कंपनीत शोकसभा झाली. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, पडद्यावर तोच गोल चौकटीतला फोटो, खाली झेंडूचा हार घातलेली रिकामी खुर्ची. मागच्या टेबलावर ढोकळा आणि कागदी प्लेटा. लोक एकेक करून बोलत होते, काका किती प्रेमळ, किती वक्तशीर. शेवटी अभिजित सर उठले. त्यांचा आवाज दाटलेला होता आणि तो खोटा नव्हता, हे आणखीच वाईट. ते म्हणाले की वाहनाबाहेर आलेला माल ओळखण्याची सोय आता नव्या आवृत्तीत आली आहे. लायडारचे एकटे ठिपके आपण आता फेकत नाही. आणि प्रोग्रॅमच्या त्या भागाला आपण काकांचं नाव देत आहोत, सोपान फिल्टर. टाळ्या वाजल्या. शोकसभेत.

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी. तोंड धुतलं, आरशात बघायचं टाळलं आणि परत येऊन विचारलं, मी दोन शब्द बोलू का. सगळ्यांना वाटलं मी रडणार. मी सांगितलं, डेमोच्या दिवशी सळया होत्या, मी त्या बघितल्या होत्या, काकांनी ब्रेक दाबला नसता तर टोक काचेतून आत आलं असतं, बहुधा माझ्याच अंगात. आणि काका चुकले असं लिहिणारी मी आहे. सर माझ्याजवळ आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तुझीही सही आहे त्यावर."

"म्हणूनच सांगतेय," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी अहवाल नव्याने लिहिला. 'अनावश्यक' हा शब्द काढला, 'चालकाने अपघात टाळला' असं लिहिलं, आधीचा अहवाल खोटा होता आणि तो मी लिहिला होता हेही लिहिलं. मूळ नोंद जोडली आणि आमच्या वरिष्ठांसह त्या पाहुण्या कंपनीलाही पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडून लॅपटॉप आणि ओळखपत्र काढून घेतलं. पाहुण्यांनी पुढच्या चाचण्या थांबवून सगळ्या जुन्या नोंदी मागवल्या, असं नंतर कानावर आलं. यात शौर्य वगैरे कुणी शोधू नये. हे करायला मला सात महिने आणि एक मरण लागलं. माझ्या स्वतःच्या तोंडाची चव अजून गेलेली नाही.

अहवालाची छापील प्रत घेऊन मी गेल्या रविवारी मोशीला गेले. इंदूकाकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. मी थांबल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, काकांचं नाव जिथे छापलं होतं तिथे बोट ठेवून, हेच का त्यांचं नाव, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी तो घडी न घालता मला परत दिला. म्हणाल्या, "ह्यो मला कशाला? मला ठावं व्हतं. आधीचा जिथं दिलास, तिथंच ह्यो ऱ्हाऊ दे."

मी निघते म्हटलं तर त्यांनी थांबवलं, चहा टाकला आणि गॅलरीत बस म्हणाल्या, आत उकडतंय. गॅलरीत प्लॅस्टिकची एकच खुर्ची होती, कठड्याला लावून, रस्त्याकडे तोंड केलेली. खाली चौकात डंपर, रिक्षा, बस, दुचाकी एकमेकांत घुसत होत्या. काम सुटल्यापासून काका दुपारी जेवून इथेच येऊन बसायचे, काकू आतून सांगत होत्या, दिवेलागणीला हाक मारावी तेव्हा उठायचे. खुर्चीपुढे जुन्या गोधडीची एक घडी पायांखाली घ्यायला टाकलेली होती. डाव्या पायाखालची बाजू बरी होती. उजव्या बाजूला, टाचेच्या जरा पुढे, कापड झिजून भोक पडलं होतं आणि खालची फरशी दिसत होती. मी त्याकडे बघतेय हे चहा घेऊन आलेल्या काकूंना दिसलं. खाली कुणी आडवं आलं की पाय दाबायचे, त्या म्हणाल्या, मी किती वेळा सांगितलं, आवो, हितून काय थांबनार हाय का... तरी दाबायचे.

बस की, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी खाली फरशीवर बसले, खुर्चीला पाठ न टेकता, आणि चहा प्यायला घेतला.